रीस्टार्ट हे औषध नव्हे!

आपल्याकडे सर्व रोगांवर एकच औषध चालतं. नेट स्लो? रीस्टार्ट. प्रिंटर रुसला? रीस्टार्ट. आता प्रोजेक्टचा क्रॉलर रात्रभर मेमरी खात सुटतो आणि पहाटे आडवा होतो, तर क्रॉन लावून दर दोन तासांनी... बरोबर ओळखलंत! माझं या औषधाशी भांडण आहे.

क्रॉलर म्हणजे वेबवरची पानं आणणारा आणि त्यातल्या लिंक्स पकडून पुढे जाणारा प्रोग्राम. सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तो असिंक्रोनस लिहायचा: एका पानाची वाट बघता बघता दुसरी शंभर मागवायची. शेकडो टास्क एकाच वेळी अर्धवट थांबलेले असतात. त्यामुळे मेमरी वाढली की पहिला संशय असिंकवर. बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं!

मुळात ‘लीक’ हा शब्दच फसवा आहे. पायथॉनमध्ये सहसा काही गळत नाही, उलट साचतं. होस्टेलचंच बघा ना. वर्ष संपलं, मुलगी घरी गेली, पण खोलीत तिचा नुसता टूथब्रश राहिला तरी रेक्टर मॅडम ती खोली दुसरीला देत नाहीत. पायथॉनही तसाच. एखाद्या ऑब्जेक्टकडे कुठून तरी एक जरी रेफरन्स उरला, तरी त्याची जागा सुटत नाही. म्हणून ‘मेमरी गेली कुठे?’ असं विचारू नका. विचारायचं, ‘टूथब्रश कोणाचा?’

आमच्या मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये हाच वाद होता. बाकीचे क्रॉनच्या बाजूने, मी विरुद्ध. शेवटी मोजायचं ठरलं. पायथॉन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, ट्रेसमॅलॉक नावाचं मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं. ठराविक पानं आणा, स्नॅपशॉट घ्या. तेवढीच पानं पुन्हा आणा, दुसरा घ्या आणि दोन्ही ताडून बघा. कुठल्या ओळीने घेतलेली मेमरी वाढली ते समोर येतं. सोबत चालू टास्क किती आणि क्यूची लांबी किती, हेही छापायचं. आमचे टास्क वाढत नव्हते, क्यूही नाही. वाढत होती ब्यूटिफुल सूपची झाडं!

झालं होतं असं. प्रत्येक पानाचं फक्त शीर्षक एका डिक्शनरीत ठेवलं जायचं. पण ब्यूटिफुल सूप देतं ती साधी स्ट्रिंग नसते, ती अख्ख्या पानाच्या झाडाला धरून असते. शीर्षक ठेवलं की सगळं पान राहिलं. शीर्षकाचं स्ट्र करून ठेवा, संपलं! हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा नेहमीचा टूथब्रश म्हणजे एररची यादी. एक्सेप्शन जसंच्या तसं ठेवलं, तर त्याच्या ट्रेसबॅकमागून फंक्शनचे सगळे व्हेरिएबल्स राहतात, उतरवलेलं पानसुद्धा. नुसता मजकूर ठेवला तर पुरतं.

अर्थात, वाढणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे लीक नव्हे. ‘ही पानं बघून झाली’ या सेटमध्ये ८० अक्षरांच्या एका यूआरएलला सुमारे सव्वाशे बाइट लागतात. एक कोटी यूआरएल म्हणजे नुसत्या स्ट्रिंगांचेच सव्वा जीबी! तिथे दोष कोडचा नाही, डिझाइनचा आहे. सेट डिस्कवर हलवायला हवा. ट्रेसमॅलॉकलाही सगळं दिसत नाही. एलएक्सएमएलच्या आतलं सी कोड परस्पर मेमरी घेतं, ती त्याच्या हिशेबात येत नाही.

“सबमिशन चार दिवसांवर आहे, एवढा वेळ कोणाकडे?” हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. उद्या डेमो असेल तर करा बाबा रीस्टार्ट, मी कोण अडवणार! पण त्याची किंमत माहीत असू द्या. क्यू आणि बघितलेल्या पानांची यादी मेमरीतच असेल, तर रीस्टार्टबरोबर दोन्ही पुसल्या जातात. मग क्रॉलर तीच पानं पुन्हा मागतो. एखाद्या छोट्या संस्थेच्या लहानशा सर्व्हरवर आपण दर दोन तासांनी तोच भार टाकतो, तेही आपला आळस झाकायला. आणि ज्यातून दोष सापडला असता, तो पुरावा आपणच पुसतो.

सर-मॅडमना एक विनंती. व्हायव्हाला ‘प्रोजेक्ट चालतो का?’ एवढंच विचारू नका. ‘सहा तास चालल्यावर मेमरीचा ग्राफ कसा दिसतो?’ हेही विचारा. रिपोर्टमध्ये त्या ग्राफला एक पान आणि पाच मार्क द्या. मार्क असले की आम्ही काय वाट्टेल ते शिकतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे!

— एक विद्यार्थिनी, टी. ई. कॉम्प्युटर