चाकांवरचे बिऱ्हाड निवडताना

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आठवडाभराच्या धावपळीनंतर डोंगराकडे किंवा समुद्राकडे ओढ वाटते, आणि शनिवार-रविवारच्या या मुक्कामांसाठी जपानहून आयात केलेल्या कॅम्परव्हॅनचा विचार घरोघरी होऊ लागतो. दोन्ही देशांत वाहने डावीकडून चालतात व चालकाचे आसन उजवीकडे असते. त्यामुळे १९९५ साली बाजारात आलेली माझदा बोंगो फ्रेंडी किंवा २००२ ची टोयोटा अल्फार्ड तेथे सहज रुळल्या. निवड करताना मात्र बहुतेकांची नजर प्रथम स्वयंपाकाच्या ओट्याकडे जाते. आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा असावा: आधी आसने, मग हवा, आणि शेवटी ओटा.

गाडीत किती जण झोपू शकतात आणि किती जण पट्टा बांधून सुरक्षित बसू शकतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला बालआसन आवश्यक असते; आणि आडव्या तोंडाच्या आसनावर ते बसवता येत नाही. ओटा एका बाजूला बसवलेल्या गाड्यांत मूळची काही आसने काढून टाकलेली असतात. ओटा मागच्या भागात असेल, तर ती बहुधा शाबूत राहतात. सोमवारी शाळा आणि शनिवारी सहल अशी दोन्ही कामे एकाच गाडीने करायची असतील, तर हीच रचना अधिक सोयीची. जुन्या गाड्यांत बालआसन अडकवण्याची आयसोफिक्स सोय असेलच असे नाही. म्हणून आपले बालआसन सोबत नेऊन बसवून पाहावे.

दुसरा मुद्दा हवेचा. बंद गाडीत गॅस पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे प्रवासाचा शीण समजून दुर्लक्षिली जातात. ऊब मिळावी म्हणून बार्बेक्यूची विझत आलेली शेगडी आत आणणे जीवघेणे ठरते, कारण राख धरलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघत राहतो. म्हणून या वायूचा अलार्म बसवावा, झोपताना वायुवीजनाच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात आणि स्वयंपाक शक्यतो बाहेर, गाडीपासून अंतर राखून करावा.

गाडीचा तळही तपासून घ्यावा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने लोखंड गंजते. धूरनळी गंजून फुटली, तर तोच विषारी वायू आत शिरू शकतो. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. ऑगस्ट २०२३ पासून कमी उत्सर्जनाचे नियम सर्व शहरभर लागू झाले असून, त्यांत न बसणाऱ्या जुन्या डिझेल गाडीला चालवल्याच्या प्रत्येक दिवशी साडेबारा पौंड भरावे लागतात.

गाडी पाहायला जाताना सारे कुटुंब न्यावे. सर्वांना पट्टे बांधून बसवावे, मग अंथरूण घालून प्रत्येकाला आडवे व्हायला सांगावे. एवढे जमले, की ओट्याची फळी उघडून पाहायला हरकत नाही.