कुंडीतील वनौषधी : मूळ नको, बीज हवे

पावसाळा सरू लागला की वनौषधी-परिचयाच्या सहली सह्याद्रीकडे निघतात आणि परतीच्या वाटेवर अनेकांच्या पिशव्यांत मुळासकट उपटलेली रोपे दिसतात. दवाखान्याच्या गच्चीवर वा औषधालयाच्या दारी कुंड्यांमधून वनस्पती असाव्यात, ही इच्छा स्तुत्यच आहे. रुग्णाला प्रत्यक्ष वनस्पती दाखविता येते, नवोदित वैद्याचा द्रव्यपरिचय दृढ होतो. आमचा आक्षेप कुंडीला नसून कुदळीला आहे.

‘एक रोप आणल्याने जंगलाचे काय बिघडते?’ असे विचारले जाते. सर्पगंधेचे उदाहरण घ्यावे. तिचे औषधी अंग मूळ. ते घेतले की वनस्पतीच संपते. अतिरेकी उत्खननामुळे १९९० साली तिचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या साइटीस यादीत करावा लागला. अशा दुर्मीळ वनस्पतीचे फुलाफळाला आलेले रोप उपटणे म्हणजे पुढील पिढीचे बीजच नेणे होय. शिवाय ते कुंडीत जगेलच असे नाही. कळलावीचा वेल पावसाळ्यानंतर वाळतो, कंद मात्र जमिनीत सुप्त राहतो. हे न जाणणारा एकतर पाणी घालून कंद कुजवितो, नाहीतर मेला समजून फेकून देतो.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात मूळ, पत्र, त्वचा, कंद यांच्या ग्रहणाचे निरनिराळे ऋतू सांगितले. सुश्रुताचार्यांनी भूमीची परीक्षा सांगितली. ज्या शास्त्राने संग्रहाला एवढी शिस्त लावली, त्याच्या अनुयायांनी दिसेल ते उपटावे, हे शोभत नाही.

उपाय अवघड नाही. गुळवेल छाटाच्या तुकड्यापासून सहज फुटते. अडुळसा व निर्गुडीही छाटानेच लावावीत. मंडूकपर्णीला धावत्या खोडाचा एक तुकडा पुरतो. शतावरीची पिकलेली फळे मोजकी घेऊन बी पेरावे. सर्पगंधेसारखी दुर्मीळ रोपे मात्र विश्वासार्ह रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

छाट घेण्यापूर्वी ओळख पक्की हवी, कारण एका चुकीच्या छाटाच्या शंभर कुंड्या होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुडूची व तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ यांतील भेद प्रसिद्ध केला, तो याचसाठी. खोडावर ठळक गाठी आणि तोडल्यावर दुधाळ स्राव दिसल्यास ती गुडूची समजू नये. प्रत्येक कुंडीवर मराठी, संस्कृत व वनस्पतिशास्त्रीय नाव आणि रोप कोठून आणले, ही नोंद असावी.

कायद्याचेही भान हवे. जैविक विविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना काही सवलत मिळाली आहे. परंतु राखीव वनातून वा अभयारण्यातून रोपे उचलण्याची ती मुभा नव्हे. तेथे वनखात्याची परवानगी लागतेच.

सहलींचे आयोजन करणाऱ्या शाखांनी ‘छायाचित्र घ्यावे, टिपण करावे, मूळ काढू नये’ हा नियम प्रथमच सांगावा. औषधालयचालकांनीही दारातील कुंडीपुरतेच न थांबता कच्चा माल लागवडीचा की जंगलातला, हे पुरवठादाराला विचारावे. रानातील औषधी संपली तर आपल्या चिकित्सेत केवळ तिचे नाव उरेल. म्हणून गच्चीवरील बाग ही रानाची लूट न होता रानावरील भार हलका करणारी व्हावी, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.