आयटीत जायचंय? फी भरण्याआधी कोर्स नाही, काम निवडा

लालबाग-परळमध्ये जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कमला मिल, फिनिक्स मिलसारख्या आवारांत ऑफिसं आणि मॉल आले. ऑक्टोबर २०२५ पासून तर भुयारी मेट्रोने गिरगाव किंवा दादरहून गाडी न बदलता बीकेसी आणि अंधेरीच्या सीप्झपर्यंत जाता येतं.

साहजिकच हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर, सीएच्या ऑफिसात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दहा वर्षं घालवलेल्या तिशीतल्या माणसाला वाटतं, एखादा कम्प्युटर कोर्स करावा आणि आयटीत शिरावं. क्लासवाले सांगतात, सहा महिने पुरे. खरंच पुरतात का?

आधी बाजार कसा आहे ते बघू

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या साधारण २ टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. म्हणजे अनुभवी माणसंही नव्या नोकरीसाठी बाजारात उतरली. दुसरीकडे साचेबद्ध कोडिंग आणि टेस्टिंगचं बरंचसं काम एआयची साधनं करू लागली आहेत. नवख्याला पूर्वी हेच काम आधी मिळायचं.

याचा अर्थ आयटीत जागाच नाहीत असा नाही. पण फक्त 'जावा येतं' किंवा 'पायथन शिकलोय' एवढ्यावर दार उघडण्याचे दिवस मागे पडत चाललेत.

कोर्स एकसारखे नसतात

पहिला प्रकार संगणक साक्षरतेचा. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. अनेक सरकारी पदांसाठी तो लागतो. पण आयटी कंपनीतली नोकरी मिळवून देणं हा त्याचा उद्देशच नाही.

दुसरा प्रकार पायाभरणीचा. आयटीआयमधला 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. नाइलिट या केंद्र सरकारी संस्थेची 'ओ लेव्हल' परीक्षाही याच पातळीची.

तिसरा प्रकार व्यावसायिक पदविकेचा आणि पदवीचा. सी-डॅकचा 'पीजी-डॅक' साधारण सहा महिन्यांचा असतो, पण पूर्णवेळ. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तो मुख्यतः इंजिनीअर, एमसीए वगैरे झालेल्यांसाठी आहे. एमसीए दोन वर्षांचं असतं आणि ते इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातूनही करता येतं.

चौथा प्रकार खासगी क्लासचा. इथे चांगलं शिकवणारेही आहेत आणि नुसतं सर्टिफिकेट छापून देणारेही. फरक पाटीवरून कळत नाही.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे काय?

जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'प्लेसमेंट' असतं आणि त्याला जोडून बारीक अक्षरात 'साहाय्य'. साहाय्य म्हणजे मुलाखतीची तारीख कळवणं. नोकरी मिळेलच, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. नोकरीची खोटी हमी आणि फी, परतावा, शिक्षकांची पात्रता यांबद्दलचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० च्या निकालात शाळा-कॉलेजं ग्राहक कायद्याबाहेर ठेवली, कोचिंग क्लास मात्र कायद्याच्या कक्षेतच राहिले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

पण तक्रार टिकते ती कागदावर. समुपदेशकाने तोंडी दिलेला शब्द सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून फीची पावती, अभ्यासक्रम, परताव्याचे नियम आणि प्लेसमेंटचं आश्वासन लेखी घ्यावं. मागच्या बॅचमधले किती जण, कुठल्या पदावर आणि किती पगारावर लागले, हे विचारावं. त्यातल्या दोघा-तिघांशी स्वतः बोलावं. टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच आहे.

खरा खर्च फीपेक्षा मोठा

समजा, फी ६० हजार आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ७० हजार ८०० होतात. आता समजा, कोर्ससाठी २२ हजारांची नोकरी सोडली. सहा महिन्यांचा बुडालेला पगार १ लाख ३२ हजार. म्हणजे दोन लाखांच्या वर गेलो, आणि यात नोकरी शोधण्याचे महिने धरलेले नाहीत. घरभाडं किंवा गावच्या घराचा हप्ता असेल, तर गणित आणखी बिघडतं.

'सोप्या हप्त्यांत फी' हेही नीट समजून घ्यायला हवं. बऱ्याचदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लासला पैसे आधीच मिळतात आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर राहतं. क्लास आवडला नाही किंवा बंद पडला, तरी हप्ते थांबत नाहीत आणि ते चुकले तर सिबिल स्कोअर बिघडतो.

मग करायचं काय?

आधी फुकटात चाचपणी. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर पायथन, लिनक्स, सीसारखे विषय मराठीतही आहेत. नोकरी सांभाळून दोन-तीन महिने रोज तासभर हे केलं, की आपल्याला हे काम झेपतं का आणि मुळात आवडतं का, ते कळतं. तेही न झेपलेल्या माणसाला फी भरल्यावर अचानक गोडी लागत नाही.

दुसरं म्हणजे जुना अनुभव सोबत न्यावा. परळच्या हॉस्पिटलमध्ये बिलिंग केलेल्या माणसाला विम्याचे दावे कुठे अडकतात ते ठाऊक असतं. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला असा माणूस सपोर्टला, टेस्टिंगला किंवा अंमलबजावणीला हवा असतो. हिशोबनीसाने एक्सेलच्या पुढे एसक्यूएल, डेटा अ‍ॅनालिसिस किंवा ईआरपी शिकावं. नुकत्याच पास झालेल्या बावीस वर्षांच्या इंजिनीअरशी कोडिंगमध्ये स्पर्धा करण्यापेक्षा, त्याच्याकडे नसलेलं ज्ञान घेऊन आत जाणं केव्हाही सोपं.

म्हणून क्लासची पायरी चढण्याआधी नोकरीच्या साइटवरच्या आपल्याला हव्या त्या पदाच्या वीस जाहिराती काढाव्यात. त्यांत पुन्हा पुन्हा येणारी कौशल्यं आणि मागितलेला अनुभव कागदावर लिहावा. मग तो कागद क्लासच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून बघावा. दोन्ही याद्या जुळत नसतील, तर 'आज फी भरली तर सूट' या ऑफरला नम्रपणे नको म्हणून घरी यावं.