आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच का?

तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘ट्यूमर मार्कर’ही असतात. रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापून आला की घरादाराची झोप उडते. म्हणून या वेळी आपण त्यांतली एक तपासणी, सीए-१२५, समजून घेऊ.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन रक्तात वाढते. साधारणपणे ३५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. मात्र शरीरातल्या निरोगी पेशीही ते थोडेफार तयार करतात. त्यामुळे मासिक पाळीत, गरोदरपणाच्या सुरुवातीला, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असताना किंवा यकृताच्या आजारातही आकडा चढतो. आपल्या देशात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे पोटाचा क्षयरोग. यात पोटात पाणी होते, वजन घटते, आकडा कधी शेकड्यांत जातो आणि सारे चित्र हुबेहूब कॅन्सरचे दिसते. हा आजार तर औषधांनी बरा होतो! म्हणून केवळ आकड्यावरून ऑपरेशनची घाई नको. तुकडा तपासून निदान पक्के झाले का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

याची दुसरी बाजूही आहे. पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा आकडा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की लक्षणे नसताना अशी नियमित तपासणी केल्याने या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

मग ही तपासणी कशासाठी? निदान झाल्यावर तिचा खरा उपयोग. केमोथेरपीने आकडा उतरत गेला तर औषध लागू पडते आहे असे समजते; उपचारानंतर पुन्हा चढू लागला तर डॉक्टर सावध होतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची.

भगिनींनो, पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे हे दोन-तीन आठवडे टिकले तर संकोच न करता डॉक्टरांकडे जा. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून अंगावर दुखणे काढू नका.