तीन थेंब जमालगोटा : केमिकल पीलच्या इतिहासातील गाळलेले पान

१/
केमिकल पीलचा इतिहास बहुधा क्लिओपात्राच्या दुग्धस्नानापासून सुरू केला जातो आणि तेथून एका उडीत आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या दालनात नेऊन संपवला जातो. मधले पान गाळले जाते. खरा धडा मात्र त्याच पानावर आहे, आणि त्यात चक्क जमालगोटा आहे. (थ्रेड)

२/
क्लिओपात्राचे स्नान ही आख्यायिका. गाढविणीच्या दुधाने स्नान करणाऱ्या पॉपिआचा, म्हणजे नीरोच्या पत्नीचा, उल्लेख प्लिनी करतो. १७८० मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले; ते आज सौम्य पीलमध्ये वापरतात. पण प्राचीनतेने सिद्ध होते ते एवढेच, की गोऱ्यागोमट्या चेहऱ्याची हौस जुनी आहे. उपाय निर्धोक होता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

३/
आधुनिक अध्यायाचा नायक फिनॉल. रुंगे यांना ते १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरात सापडले. १८६५ पासून लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक करण्यासाठी ते वापरले. १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल आणि फिनॉल यांचे त्वचेवरील परिणाम नोंदवले.

४/
तत्त्व साधे आहे : त्वचेला मोजूनमापून इजा करायची, म्हणजे ती स्वतःच नवा थर घडवते. सारे काही ‘मोजून’ या शब्दावर अवलंबून. इजा उथळ राहिली तर फरक दिसत नाही. फार खोल गेली तर व्रण उरतो.

५/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिस आणि फ्लोरिडात वैद्यकीय पदवी नसलेले ‘पीलर’ सुरकुत्या घालवून देत. त्यांची सूत्रे घराण्याच्या ठेव्यासारखी गुप्त असत. त्यांना सरसकट भोंदू म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण हातचे कसब खरे होते. दोष गुप्ततेचा होता : जे कोणाला ठाऊकच नाही, ते तपासणार कोण?

६/
१९६१-६२ च्या सुमारास मायामीचे शल्यचिकित्सक बेकर आणि गॉर्डन यांनी सूत्र छापले : ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवसाबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. क्रोटन तेल म्हणजेच जमालगोट्याच्या बियांचे तेल!

७/
पुढील सुमारे चाळीस वर्षे समज असा, की सारी किमया फिनॉलची; ते तीन थेंब जणू नैवेद्यापुरते. २००० मध्ये ग्रेगरी हेटर यांनी दाखवले की पील किती खोल जाईल, हे मुख्यतः त्या तेलाच्या प्रमाणावर ठरते. बेकर सूत्रात ते सुमारे २.१ टक्के भरते. पापण्यांसारख्या नाजूक जागी त्याहून कितीतरी कमी पुरते.

८/
म्हणजे पीलरांनी सूत्र लपवले, तर डॉक्टरांनी छापलेले सूत्र पोथीसारखे पाळले. पहिल्यांनी प्रश्न विचारू दिला नाही. दुसऱ्यांनी तो विचारला नाही. आयुर्वेदानेही जयपाळ, म्हणजे हाच जमालगोटा, शोधन केल्याशिवाय वापरू नये असे बजावले आहे. तीव्र द्रव्याला मर्यादा लागते, हे भान जुनेच. मोजमाप मात्र नव्याने करावे लागले.

९/
फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने, हृदयावर यंत्राची नजर ठेवून लावतात. सावळ्या त्वचेवर खोल पीलमुळे कायमचे पांढुरके वा काळे डाग राहण्याचा धोका मोठा. गोऱ्या चेहऱ्यांवर सिद्ध झालेले सूत्र सर्वांना लागू पडत नाही.

१०/
तरीही तीव्र आम्लांच्या बाटल्या आज घरपोच मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला अशा पीलविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. ‘प्राचीन रहस्य’ आणि ‘खास फॉर्म्युला’ या शब्दांची भुरळ अजून ओसरलेली नाही.

११/
इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. पीलला सुरक्षिततेकडे नेले ते ना राणीच्या नावाने, ना घराण्याच्या गुपिताने, ना केवळ पदवीने. नेले ते उघड्यावर मांडलेल्या आणि पुन्हा तपासलेल्या मापाने. तीन थेंबांचा हिशेब कोणीतरी मागितला, म्हणून. (समाप्त)