कमलाबाई गोखले : तीन पिढ्यांची आई

1913 मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा एक तरुण. पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी फिरत्या नाटक कंपनीतल्या मायलेकी पुढे आल्या : दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि जेमतेम तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटातल्या या पहिल्या स्त्री-कलावंत. नवऱ्यापासून वेगळे होऊन मुलीचा हात धरून रंगभूमीवर आलेल्या दुर्गाबाईंचे धाडस त्या काळात केवढे मोठे होते, हे विसरता कामा नये.

पुढे कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. ऐन पंचविशीत वैधव्य आले. पदरात मुले, हाती फक्त नाटक. तेच त्यांनी धरून ठेवले. स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्या पुरुष भूमिकाही करू लागल्या. एकेकाळी बाईचे काम पुरुष करत; इथे बाई फेटा बांधून नायक झाली!

मुलांपैकी चंद्रकांत गोखले अभिनेते झाले, लालजी व सूर्यकांत यांनी तबला जवळ केला. नातू विक्रम गोखले यांनी रंगभूमी आणि पडदा दोन्ही गाजवले.

रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त माहितीपटात पुण्याच्या घरातल्या वृद्ध कमलाबाई दिसतात. शरीर थकलेले, पण जुन्या नाटकांतले संवाद बोलू लागल्या की आवाजात तीच धार.