सावित्रीबाई भिडेवाड्याच्याही पुढे आहेत

सावित्रीबाई फुले पाठ्यपुस्तकात आहेतच, मग मालिका कशाला, हे एका वाचकपत्रातले मत पटले नाही. बहुतेकांची आठवण १८४८ च्या, पुण्यातल्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेपाशीच थांबते. १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८९० मध्ये पती जोतीरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः धरलेले टिटवे, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना आलेला मृत्यू, हे सारे घराघरांत पोहोचवायला मालिकाच हवी. पुरेशा प्रेक्षकांअभावी ‘सावित्रीजोती’ ही त्यांच्यावरची मालिका २०२० मध्येच संपली, याची खंत वाटायला हवी. हीच वाट पुढे नेणाऱ्या आमच्या नागपुरातल्या जाईबाई चौधरींनी हमाली केली, त्या शिकल्या आणि दलित मुलींसाठी शाळा काढली. वाहिन्यांनी त्यांच्यावरही मालिका करावी आणि आपण ती आवर्जून पाहावी.

– एक शिक्षिका, गांधीबाग, नागपूर